माहुलचा डावा कोपरा

अजूनही मी झोपेत चढाईला जातो. बायको म्हणते, पहाटे माझ्या तोंडातून भुंग्यासारखी गुणगुण सुरू होते आणि चादरीखाली डावा पाय हलत राहतो. उजवा हलत नाही. स्वप्नातलं मैदान लाल मातीचं असतं, नुकतं पाणी मारलेलं, आणि चुन्याच्या फक्कीच्या रेषा इतक्या पांढऱ्या की त्यांचाच उजेड पडलेला असतो. समोरच्या भागात कोणी नसतं. फक्त माझ्या उजव्या हाताला, म्हणजे त्यांच्या डाव्या कोपऱ्यात, एक माणूस गुडघ्यांत वाकून उभा असतो, दोन्ही तळवे उघडे ठेवून. माझा दम संपत नाही. मी त्याच्याकडे सरकतो, तो तेवढाच मागे जातो, आणि त्याचे हात काही मिटत नाहीत. मग जाग येते.

तो माणूस माहुलचा. आमच्या काळात त्याला सगळे माहुलचा डावा कोपरा एवढंच म्हणत, आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. मुलुंडच्या आमच्या क्रीडामंडळाची स्मरणिका निघते आहे. तिचं काम बघणाऱ्या मुलाने माझ्यावरचा लेख मला वाचायला आणून दिला. त्यात एक वाक्य होतं की माहुलच्या कसायाने ऐन उमेदीत या चढाईपटूचा गुडघा मोडला. मी लेख परत दिला आणि म्हटलं, राहू दे, मी स्वतः लिहून देतो. ते हे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आम्ही मुलुंडला राहायचो, डोंगराच्या बाजूला चढावर असलेल्या चाळीत. सकाळी डोंगर धुक्यात नसायचाच, दहाच्या सुमाराला हळूहळू परत यायचा. बाबा परळच्या गिरणीत होते. मंडळाचं मैदान दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये होतं. संध्याकाळी भोंगा झाला की कोणीतरी पिंपातून पाणी आणून माती भिजवायचं, आणि ती माती थंड होताना जो वास यायचा तो मला आजही कुठल्यातरी कुंडीपाशी अचानक भेटतो आणि मी काय करत होतो ते विसरून जातो.

दम बाबांनी शिकवला. त्यांनी स्वतः गावी शेतात कबड्डी खेळलेली. नळ चाळीच्या खालच्या टोकाला, आमची खोली वरच्या. दोन्ही हातांत बादल्या घेऊन, नळापासून दारापर्यंत, 'कबड्डी कबड्डी' एका दमात. मध्ये श्वास घेतला तर बाबा ओट्यावरून म्हणायचे, "बाद. परत जा." मी भरलेल्या बादल्यांसकट परत जायचो. शेजारणी हसायच्या. एक म्हणायची, "अहो, पोराला पाणी आणायला पाठवलंय की काशीला?" पण वर्षभरात माझा दम दारापर्यंत पुरून उरू लागला आणि खोलीत शिरून बादल्या खाली ठेवल्यावरही तोंडात चालू राहू लागला.

ज्यांनी चढाई मारलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगतो. मध्यरेषा ओलांडून दम सुरू झाला की बाहेरचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. लोक ओरडत असतात, शिट्ट्या मारत असतात, पण तुम्हाला ऐकू येते ती फक्त आपल्या कवटीत चाललेली गुणगुण. समोरचे सात जण फार हळू हलतात. कोणाचं वजन कुठल्या पायावर आहे ते कोणी दिव्याने दाखवावं तसं दिसतं. मी फार धिप्पाड नव्हतो. माझ्याकडे तो संथपणा होता. मी त्या गुणगुणीत राहायला जायचो आणि कोणाला तरी हात लावून, चार जणांच्या मधून घसरून परत यायचो. रेषेवर आल्यावरच लोकांचा आवाज एकदम कानावर आदळायचा. त्या वयात मला वाटायचं, माझं खरं घर तिकडेच आहे आणि इकडे मी फक्त श्वास घ्यायला येतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. बाबा घरी बसले. पहिले काही महिने ते सकाळी डबा भरून घ्यायचे आणि ओट्यावर बसून दुपारी तोच डबा खायचे. आईने एकदा विचारलं, "अहो, ताटात वाढू काय?" ते नको म्हणाले. त्याच सुमारास कंपन्या आपापले कबड्डी संघ बांधत होत्या. भांडुपच्या एका कारखान्याच्या माणसाने मला आमच्या मैदानावर पाहिलं आणि नोकरी देऊ केली. कारखाना पत्र्याचे डबे बनवायचा. मी डब्यांना हात कधीच लावला नाही. सकाळी हजेरी लावायची आणि दुपारी सरावाला जायचं. घरात पगार येणारा मी एकटा.

पण नोकरी तात्पुरती होती. कायम व्हायला अजून एक हंगाम बाकी होता. आणि नियम असा की कंपनीचा खेळाडू दुसऱ्या कोणासाठी खेळणार नाही. कंपनीसाठी खेळताना जखमी झालात तर उपचार कंपनी करेल आणि नोकरीही सांभाळेल. बाहेर कुठे खेळून जखमी झालात तर त्याच दिवशी घरी.

आमच्या कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. गावच्या देवळाची कौलं बदलायची असोत की शाळेला बाकडी द्यायची असोत, ते मंडळ बघतं, आणि वर्षातून एकदा गावागावांच्या मंडळांचे कबड्डीचे सामने होतात. आमच्या गावचं मंडळ बाबांनी कितीतरी वर्षं एकट्याने ओढलेलं. गिरणी गेल्यावर तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. त्या वर्षी सामने मालाडला होते आणि आमच्या संघाचा चढाईपटू काविळीने झोपला. बाबांनी मला काही विचारलं नाही. नियम त्यांना ठाऊक होता. त्यांनी फक्त शनिवारी संध्याकाळी माझी खेळायची चड्डी स्वतः धुतली आणि दोरीवर वाळत घातली. बाबांना कपडे धुताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई तेव्हा गावी गेली होती, आजी आजारी म्हणून. घरात आम्ही दोघेच. मी ती ओली चड्डी बघत जेवलो.

रविवारी मी मालाडला दुसऱ्याच नावाने खेळलो. एका शाळेमागचं मैदान होतं, वरवर माती आणि खाली मुरूम. तिसऱ्या की चौथ्या चढाईत समोर तिघांनी हात धरून साखळी केली आणि मी तिच्यावरून उडी मारली. ती उडी मला अजून आठवते, कारण ती फार वेळ चालली. खाली माणसांची डोकी होती, वर पिंपळ होता, आणि मी मध्ये कुठेतरी अगदी निवांत होतो. मग उजवा पाय मुरुमावर आला आणि गुडघ्यात ओली फांदी मुरडावी तसा आवाज झाला. मला कोणी धरलं नव्हतं. कोणी स्पर्शही केला नव्हता. मी लंगडत रेषा ओलांडली, उडीआधी एकाला हात लावला होता त्याचा गुण मिळाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तांब्या हातातच धरून उभे राहिले.

घरी आम्ही टॅक्सीने आलो. बाबांची टॅक्सीत बसण्याची ती पहिलीच वेळ. ते पुढे बसले आणि मुलुंडपर्यंत एकदाही मागे वळले नाहीत.

मी कंपनीला तापाचा निरोप पाठवला. बाबा रोज हळद आणि आंबेहळद गरम करून गुडघ्यावर लेप घालायचे. सूज थोडी उतरली, पण पाय टेकवला की गुडघा आतल्या आत सरकायचा, खिळखिळ्या फळीसारखा. बुधवारी की गुरुवारी, दुपारची वेळ, चाळ झोपलेली. बाबा लेप पुसत होते.

"कंपनीचो सामनो कधी?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी. घाटकोपरला."

"कोणाबरोबर?"

"माहुल."

ते बराच वेळ फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "तो डावो कोपरो तेंचोच मां?"

"हो."

एवढंच. त्यापुढे आमच्यात एक शब्द झाला नाही, पण दोघांना जे कळायचं ते कळलं होतं. गुडघा गेलेलाच होता. तो कुठे गेला हे मात्र अजून ठरवता येणार होतं. कंपनीच्या सामन्यात, सगळ्यांच्या देखत, कोणाच्या तरी पकडीत गेला तर नोकरी राहणार होती. आणि ज्याच्या हातात गेला असं कोणीही शंका न घेता मानेल असा एकच गडी तेव्हा उपनगरांत होता.

त्याची पकड घोट्याची. चढाईपटूचा पाय कोपऱ्यात जरा आत आला की तो जमिनीलगत झेपावायचा आणि दोन्ही हातांनी घोटा धरायचा. मग तुम्ही कितीही ओढा, तो मातीत गाडलेल्या खुंटासारखा. माहुलच्या कोळीवाड्यातला, रोज पहाटे वडिलांबरोबर खाडीत जाळी ओढणारा. आमची ओळख मैदानावरचीच, पण चांगली. सामन्याआधी तो मला बघून ओरडायचा, "काय रं, घोटा घरी ठेवून आलास का?" मी म्हणायचो, "तुझ्यासाठी वेगळा आणलाय, पितळेचा." त्याने मला दोनदा धरलं होतं आणि मी त्याच्या हातातून एकदा सुटलो होतो. त्या एका वेळेबद्दल तो मला भेटेल तेव्हा शिव्या द्यायचा.

त्या शनिवारीही तो ओरडला, "आणलास का घोटा? आण, तोलून देतो." मी हसलो. गुडघ्याला पट्टी घट्ट बांधून वर गुडघ्याची लवचिक टोपी चढवली होती. तशी टोपी पुष्कळजण घालायचे, कोणाला काही वाटलं नाही. मी आमच्या कर्णधाराला म्हटलं, पहिली चढाई मला दे. तो म्हणाला, "ताप उतरला ना नक्की?" मी म्हटलं, उतरला.

मध्यरेषेवर वाकून मी मातीला हात लावून कपाळाला लावला. नेहमी लावतो तसाच. मग दम सुरू केला.

सगळं पाण्याखाली गेलं. मला वाटलं होतं, आज जाणार नाही, पण गेलं. ती गुणगुण तशीच होती, तीच शांतता. सहा जण धूसर झाले आणि तो एकटा स्पष्ट दिसत राहिला. मी दोन पावलं डावीकडे टाकून दाखवली, मग उजवीकडे वळलो आणि उजवा पाय त्याच्या कोपऱ्यात ठेवला. नुसता पुढे केला नाही, ठेवला, एखादी वस्तू कोणाच्या हवाली करावी तसा. एवढा आत पाय कोणताही चढाईपटू देत नाही. त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते मी बघितलं. तो थबकला. त्याला वाटलं असेल, हा काहीतरी डाव आहे. क्षणभर त्याने मला सोडून दिलं होतं. मी पाय तसाच ठेवला. मग त्याचे हात मिटले.

मी अंग फिरवलं आणि पडलो. किंचाळी खरी होती.

इस्पितळात डॉक्टरांनी गुडघा पाहिला. वरचं काळंनिळं एका बाजूने पिवळं पडायला लागलं होतं, आणि ते एका संध्याकाळीत होत नाही. डॉक्टर म्हणाले, "हे आजचं आहे?" बाबांनी हात जोडले. नुसते हात जोडून उभे राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आई गावाहून आली. तिला आम्ही सांगितलं तेच तिला माहीत. आणि त्याच संध्याकाळी तो आला. हातात डबा. वॉर्डच्या दारात उभा राहिला, आत यायला तयार नाही. आईने विचारलं, "कोण रे तू?"

"माहुलचा हाय, मावशी."

आई कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर गेली. "तुझे हात मेल्या लोखंडाचे आसत काय? माझ्या झिलाचो पाय तो, होडयेचो दोर नाय."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "जोर नाय लावला मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "लावला असंल. मना नाय कळला."

"डब्यात काय आसा?"

"निवट्यांचं कालवण. आयनं दिलंय."

आईने डबा घेतला. "माशावर राग कित्याक," असं स्वतःशीच म्हणाली आणि झाकण उघडून वास घेतला. खाडीतल्या निवट्या त्या काळी माहुलला भरपूर मिळत. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तो माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसला. मला झोप लागली असं समजून त्याने प्लास्टरवर एकदा हात ठेवला आणि लगेच उचलला. तेव्हा मी वळून एक वाक्य बोलायला हवं होतं. बाबा खिडकीजवळ पाठमोरे उभे होते. माझी नोकरी, आईचं गावी जाणं-येणं, बाबांचा ओट्यावरचा डबा, सगळं त्या पाठीत दिसत होतं. मी झोपेचं सोंग चालू ठेवलं. तिथल्या खिडकीतून रात्री दूरवर माहुलच्या रिफायनरीची ज्योत दिसायची, आभाळाला शेंदरी डाग पडल्यासारखी. मी मग तिच्याकडे बघत खरोखरच झोपलो.

कंपनीने मला कायम केलं. मी पुढे निवृत्त होईपर्यंत हजेरीच्या खोलीत बसून लोकांच्या येण्या-जाण्याच्या वेळा बघितल्या. लंगडत आत जायचो तेव्हा जुने कामगार नव्यांना सांगायचे, "कोण माहितीये का? याच्यासाठी सामने थांबायचे." आणि मग माहुलच्या कसायाची गोष्ट. मी ती कधी सांगितली नाही. कधी थांबवलीही नाही. मंडळात पोरं माझ्या गुडघ्यावरचा शस्त्रक्रियेच्या टाक्यांचा व्रण बघायला मागायची, मी पँट वर करून दाखवायचो.

पुढच्या हंगामात मी काठी घेऊन सामना बघायला गेलो. माहुल खेळत होतं, आणि तो त्याच्याच कोपऱ्यात होता. एका चढाईपटूचा पाय कोपऱ्यात आला, तो झेपावला, घोटा बरोबर हातात आला, आणि त्याने सोडला. हात मिटलेच नाहीत. तळवे घोट्याभोवती आले आणि उघडेच राहिले, गरम भांड्याला लागल्यासारखे. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "काय रे, हात भाजतो काय?" दुसरा म्हणाला, "याने एकाचा पाय मोडलाय ना, आता पुण्य कमवतोय." लोक हसले. पुढच्या वेळीही तसंच. त्याच महिन्यात ट्रॉम्बेच्या बाजूच्या एका कंपनीची निवड चाचणी होती आणि त्याचं नाव पक्कं धरलेलं होतं. तिथेही त्याने घोटे सोडून दिले, असं मी ऐकलं. मग माहुलच्या संघातही दुसरा डावा कोपरा आला.

आणि हा माणूस माझ्या घरी यायचा. दर दोन-तीन महिन्यांनी, कधी सुके बोंबील घेऊन, कधी काहीच न घेता. आईचा तो लाडका झाला. "इलो माझो लोखंडी," असं म्हणायची आणि चहा टाकायची. तो हसायचा, पण हसताना हात मांडीखाली घ्यायचा. माझ्या लग्नात स्टेजच्या पायऱ्या चढताना त्याने मला कोपराला धरलं. इतकं अलगद, अंडं धरावं तसं, की मला आधार मिळाला नाही आणि मी दुसऱ्याच कोणाच्या खांद्याला धरलं. तो आला की बाबा चपला घालून बाहेर पडायचे. पुढे त्याचंही लग्न झालं, मुलं झाली, येणं कमी होत होत थांबलं. बाबा शेवटच्या आजारपणात एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "तो माहुलचो येता काय रे?" मी म्हटलं, "नाही आता." "बरां," ते म्हणाले. ते बरं कशाला होतं, मी विचारलं नाही.

असं सगळं धुक्यात गेलं होतं. मग स्मरणिकेतला तो शब्द आला, कसाई, छापील अक्षरांत. लिहायला बसण्याआधी मी माहुलला गेलो.

कोळीवाड्यातली गल्ली मी लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो होतो तेव्हाची आठवत होती. आता तिथे तीन मजली घरं झाली आहेत, पण वास तोच, मासळीचा आणि त्यावर तेलाचा. दुपार होती. तो दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आतल्या टीव्हीवर कबड्डी बघत होता, आवाज बंद करून. मला बघून त्याने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"घोटा आणलास का?" तो म्हणाला.

मी बाकड्यावर बसलो. तो टीव्हीकडे बोट करून म्हणाला, "बघ, मॅटवर बूट घालून खेळतात. देवळात चपला घालून गेल्यासारखं वाटतं मना." त्याची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. बायकोने आतून विचारलं कोण आलंय, तो म्हणाला, "मुलुंड आलंय, चाय टाक."

मग मी सांगितलं. मालाड, दुसरं नाव, मुरूम. बाबांनी केलेला लेप. दुपारचं ते बोलणं. मी सांगत असताना तो टीव्हीकडेच बघत होता, आणि तिथे पोरं निःशब्द एकमेकांवर पडत होती, उठत होती.

"रविवारी?" त्याने विचारलं.

"रविवारी."

"म्हणजे माझ्याकडे आला तवा मोडलेलाच."

"मोडलेलाच."

"मग माझ्याच कोपऱ्यात का? सहा जण होते ना आणखी."

"तुझ्या पकडीत गेला यावर कोणी शंका घेणार नाही म्हणून," मी म्हटलं. "दुसरा कोणी असता तर लोक म्हणाले असते, एवढ्याने गुडघा कसा जाईल."

आत कपबशीचा आवाज झाला. तो म्हणाला, "तुझ्या बापाला माहीत होता."

"हो."

"माझ्या बापाला नव्हता. तो मना बोलायचा, देवानं हात दिलं ते जाळी ओढायला, लोकांचे पाय मोडायला नाय. मरेपर्यंत बोलला." त्याने हात उलटे करून पाहिले, मग सुलटे. "त्या दिवशी मी थांबलो होतो. तुझा पाय एवढा आत बघून थांबलो होतो. नंतर रोज वाटायचं, थांबलो होतो तर धरला कशाला."

"मी बघितलं होतं," मी म्हटलं. "तू थांबलास ते."

"मग मी सोडलं का?" तो म्हणाला. हा प्रश्न मला नव्हता. टीव्हीला होता, किंवा हातांना. "एवढे घोटे आले हातात. सगळे सोडले. का सोडले मग मी?"

माफी मागायची म्हणून मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही त्या प्रश्नाजवळ ठेवण्यासारखं नव्हतं.

तो खुर्चीतून खाली सरकायला लागला. मी उठून धरायला गेलो तर म्हणाला, "हात नको लावू. आता खाली बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, पण बसायला एकटा पुरतो." फरशीवर एक गुडघा टेकून, दुसरा वाकवून, तो दाराच्या कडेला कोपरा करून बसला. तळवे उघडे. इतक्या वर्षांनंतर ते मला जागेपणी दिसले.

"दम घे," तो म्हणाला.

"अरे, काय..."

"घे बोललो ना."

मी उंबऱ्यापाशी गेलो. वाकवत नव्हतं, तरी फरशीला बोटं टेकवून कपाळाला लावली. दम सुरू केला. कबड्डी कबड्डी कबड्डी. म्हातारा, फाटका आवाज, पण हळूहळू कवटीत ती गुणगुण उठली आणि गल्लीतली पोरं, टीव्ही, आतली भांडी, सगळं पाण्याखाली जायला लागलं. मी सवयीने उजवा पाय पुढे केला.

त्याने मान हलवली. "तो नको. दुसरा दे."

मी डावा पाय त्याच्या हातांत ठेवला. तो क्षणभर थबकला, तसाच, त्या शनिवारसारखा. मग ती वाकडी बोटं एकेक करून घोट्याभोवती आली आणि मिटली. दुखलं. एवढा जोर त्या हातांत अजून असेल असं मला वाटलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून मी उभा राहिलो, दम चालू ठेवला, जेवढा चालेल तेवढा. फार चालला नाही.

दम संपला. मी बाद झालो होतो आणि नियमाप्रमाणे त्याने सोडायला हवं होतं. चहा घेऊन आलेली त्याची बायको आम्हाला बघून दारातच थांबली. त्याने सोडलं नाही, आणि मीही पाय ओढला नाही.